अमेरिकेच्या युद्धांना विरोध म्हणजे अमेरिकेचा द्वेष?

‘पोरगं अमेरिकेत कमावते, अन् बाप इथं बसून अमेरिकेलेच नावं ठेवते!’

कोराडीत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता बोलणाऱ्याचा चेहराही आठवत नाही. टपरीवरच्या टीव्हीत कुठल्याशा शहरावर बॉम्ब पडताना दिसतात. बसलेल्यांपैकी एखादा म्हणतो, हे युद्ध चुकीचं आहे. लगेच हे उत्तर येतं. मूल पुण्यात आहे की डॅलसमध्ये, यावरून युद्ध योग्य की अयोग्य हे ठरत नाही. तरीही समोरचा माणूस गप्प बसतो, कारण कृतघ्न म्हणवून घेणं कुणालाच सोसत नाही. वीज केंद्राच्या वसाहतीत वाढलेली कितीतरी मुलं आज परदेशात आहेत. त्यामुळे हा टोमणा इथे नेमका लागतो आणि चर्चा तिथेच संपते.

मला राग येतो तो या संपण्याचा. म्हणून आधी हाच गैरसमज नीट तपासू. बाकीचे एकेका परिच्छेदात आटोपतील.

गैरसमज : अमेरिकेच्या युद्धांना विरोध करणारे अमेरिकेचा द्वेष करतात.

वस्तुस्थिती : या युद्धांना सर्वांत जुना आणि सर्वांत चिवट विरोध अमेरिकी माणसांनीच केला आहे.

१८४६ साली अमेरिकेने मेक्सिकोशी युद्ध सुरू केलं. त्याच वर्षी जुलैत मॅसॅच्युसेट्समधल्या काँकॉर्ड गावात हेन्री डेव्हिड थोरो यांना कर न भरल्याबद्दल एक रात्र तुरुंगात काढावी लागली. गुलामगिरी पोसणाऱ्या आणि शेजाऱ्यावर चाल करून जाणाऱ्या सरकारला आपला पैसा देणार नाही, अशी भूमिका त्यांनी नंतर १८४९ मध्ये छापलेल्या निबंधात मांडली. १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध झालं आणि फिलिपिन्स अमेरिकेच्या ताब्यात गेलं. तेव्हा बॉस्टनमध्ये साम्राज्यविरोधी लीग उभी राहिली. तिच्यात लेखक मार्क ट्वेन होते, पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी होते आणि माजी राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंडही होते. यांतला कोण अमेरिकेचा शत्रू होता, ते मला कुणी सांगावं.

अमेरिकी काँग्रेसवर निवडून आलेली पहिली स्त्री म्हणजे जेनेट रँकिन. त्यांनी १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात उतरण्याविरुद्ध मत दिलं आणि डिसेंबर १९४१ मध्ये, पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर, जपानविरुद्ध युद्ध पुकारण्यालाही विरोध केला. त्या दुसऱ्या वेळी सभागृहात त्या एकट्या होत्या. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तीनच दिवसांनी राष्ट्राध्यक्षांना बळाच्या वापराचा मोकळा परवाना देणारा ठराव आला, तेव्हा प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध १ असं मतदान झालं. तो ‘१’ कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचा. त्या ठरावाचा आधार घेऊन पुढची वीस वर्षं अमेरिकेने किती देशांत कारवाया केल्या हे पाहिलं, की त्या एका मताची किंमत कळते.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर कोराडीहून सेवाग्रामला जा. दोनेक तासांचा रस्ता आहे. जून १९४२ मध्ये लुई फिशर नावाचे अमेरिकी पत्रकार तिथे आठवडाभर राहिले. त्यानंतर गांधीजींनी १ जुलै १९४२ ही तारीख घालून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना पत्र लिहिलं आणि ते फिशर यांच्याबरोबरच पाठवलं. आपल्याला थोरो आणि इमर्सन यांच्या लेखनाचा मोठा लाभ झाला, असं गांधीजींनी त्यात आवर्जून नोंदवलं. भारत आणि आफ्रिका पारतंत्र्यात आहेत, अमेरिकेच्या स्वतःच्या घरात कृष्णवर्णीयांचा प्रश्न तसाच आहे, तोवर स्वातंत्र्यासाठी लढतो हा दोस्त राष्ट्रांचा दावा पोकळ ठरतो, हेही त्याच पत्रात आहे. स्वतंत्र भारताशी करार करून दोस्तांचं सैन्य इथे राहू शकतं, असा प्रस्तावही आहे. एकाच पत्रात कृतज्ञता, टीका आणि सहकार्य. यात द्वेष कुठे बसतो?

आणि हा प्रवास तिथे थांबला नाही. थोरोंचा निबंध गांधीजींपर्यंत आला, गांधीजींचा मार्ग मार्टिन ल्यूथर किंग यांच्यापर्यंत गेला. किंग १९५९ मध्ये भारतात आले, मुंबईत मणिभवनात राहिले, विनोबांनाही भेटले. ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये त्यांनी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध जाहीर भाषण केलं. तोवर त्यांची स्तुती करणाऱ्या मोठमोठ्या वृत्तपत्रांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. ती सोसूनही ते बोलत राहिले, कारण देश आपला आहे म्हणूनच त्याला अडवलं पाहिजे असं त्यांना वाटत होतं. बरोबर एक वर्षाने, ४ एप्रिल १९६८ रोजी, त्यांची हत्या झाली.

एवढ्यानेही पटत नसेल, तर १९७१ आठवा. आमच्या पिढीला सातवं आरमार पाठ आहे. निक्सन आणि किसिंजर यांनी पाकिस्तानची बाजू घेतली, डिसेंबरात ‘एंटरप्राइझ’ ही विमानवाहू युद्धनौका बंगालच्या उपसागराकडे धाडली, हे आपण मुलांना सांगत आलो. अर्धीच गोष्ट सांगत आलो. त्याच वर्षी ६ एप्रिलला ढाक्यातले अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांच्या कार्यालयातून वॉशिंग्टनला एक तार गेली. पूर्व पाकिस्तानातल्या कत्तलीपुढे आपलं सरकार मूग गिळून बसलं आहे, असा निषेध तीत होता आणि खाली वीस अमेरिकी अधिकाऱ्यांच्या सह्या होत्या. ब्लड यांना ते पद गमवावं लागलं. जुलैत बाल्टिमोर बंदरात ‘पद्मा’ हे पाकिस्तानी जहाज माल भरायला आलं, तेव्हा क्वेकर पंथातल्या शांततावादी कार्यकर्त्यांनी छोट्या होड्या वल्हवत त्याची वाट अडवली. फिलाडेल्फियाच्या गोदी कामगारांनी तर पाकिस्तानी जहाजांवर माल चढवायलाच नकार दिला. ऑगस्टमध्ये सिनेटर एडवर्ड केनेडी निर्वासितांच्या छावण्यांत येऊन गेले आणि परत जाऊन स्वतःच्याच सरकारला त्यांनी धारेवर धरलं.

त्या होड्यांतली माणसं अमेरिकाद्वेष्टी होती का? मग त्यांच्यासारखा प्रश्न कोराडीत बसून कुणी विचारला, तर तोच एकटा कसा द्वेष्टा ठरतो?

या गैरसमजात सत्याचा एक कण आहे, तो लपवणार नाही. काही माणसांना युद्ध फक्त अमेरिकेने केलं तरच खुपतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाचे रणगाडे युक्रेनमध्ये घुसले तेव्हा ती गप्प होती. त्याला बाजू घेणं म्हणतात, युद्धविरोध म्हणत नाहीत. पण काहींची खोट दाखवून सगळ्यांचं तोंड बंद करता येत नाही.

आता इतर गैरसमज.

‘युद्धविरोधी म्हणजे डावे.’ लष्कर आणि शस्त्रउद्योग यांच्या संगनमतापासून सावध राहा, असा इशारा जानेवारी १९६१ मध्ये निरोपाच्या भाषणात दिला तो आयझेनहॉवर यांनी. ते रिपब्लिकन होते आणि दुसऱ्या महायुद्धातले सरसेनापती होते. रँकिनही रिपब्लिकनच. आपल्याकडे पाहा : इराकवरच्या हल्ल्याविरुद्ध लोकसभेने ८ एप्रिल २००३ रोजी ठराव केला, तेव्हा पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी होते. ठरावाच्या हिंदी मसुद्यात ‘निंदा’ हा शब्द आहे. त्याच सरकारने जुलैत इराकमध्ये भारतीय सैन्य पाठवायला नकार दिला.

‘युद्धविरोधी म्हणजे भित्रे.’ स्मेडली बटलर हे अमेरिकी मरीन दलाचे मेजर जनरल. त्यांना शौर्याचं सर्वोच्च पदक दोनदा मिळालं होतं. युद्ध हा मूठभरांच्या नफ्याचा धंदा आहे, असं पुस्तक त्यांनी १९३५ मध्ये लिहिलं. एप्रिल १९७१ मध्ये व्हिएतनामहून परतलेल्या शेकडो सैनिकांनी आपली पदकं अमेरिकी संसदेच्या इमारतीसमोर फेकून दिली. भित्र्यांकडे फेकायला पदकं नसतात.

‘सरकारकडे गुप्त माहिती असते, आपल्याला काय कळतं?’ ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातात अमेरिकी जहाजांवर दुसरा हल्ला झाल्याचं सांगून व्हिएतनाम युद्धाचा ठराव मंजूर करून घेतला. तो दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे आता अमेरिकेचीच कागदपत्रं सांगतात. २००३ मध्ये इराककडच्या महासंहारक शस्त्रांचं कारण दिलं. अमेरिकेनेच नेमलेल्या तपास पथकाला तसा साठा सापडला नाही. व्हिएतनाममध्ये ५८ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक आणि लाखो व्हिएतनामी माणसं गेली. गुप्त माहितीवर डोळे मिटून विश्वास ठेवण्याची ही किंमत.

‘अमेरिकेत युद्धाचा निर्णय काँग्रेसच घेते.’ संविधानात तसं आहे. पण अमेरिकी काँग्रेसने रीतसर युद्ध पुकारलं ते शेवटचं १९४२ मध्ये. कोरिया, व्हिएतनाम, इराक ही सगळी त्यानंतरची.

‘युद्धविरोधकांना प्रत्येक युद्ध चूकच वाटतं.’ काहींना वाटतं. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला, तो ब्रिटिशांच्या युद्धाला माणूस किंवा पैसा देऊ नये म्हणून. त्याच काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची भूमिका वेगळी होती. नाझींचा विजय हे सर्वांत मोठं संकट आहे, म्हणून त्यांनी दोस्तांच्या युद्धप्रयत्नांना पाठिंबा दिला आणि १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळलं. दोघांनीही कारणं दिली, दोघांनीही विचार केला. मागणी एवढीच असते : युद्धाआधी कारणं मांडा आणि ती तपासू द्या.

‘तिकडच्या युद्धाशी आपला काय संबंध?’ कोराडीचं वीज केंद्र कोळशावर चालतं म्हणून आखातातल्या भडक्याची झळ इथे येत नाही, असं समजणाऱ्यांनी घरातला सिलिंडर, ट्रॅक्टरचं डिझेल आणि शेतातलं खत आठवावं. १९९० मध्ये इराकने कुवेत गिळलं तेव्हा पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना विमानांनी परत आणावं लागलं. जानेवारी १९९१ मध्ये आखाताकडे जाणाऱ्या अमेरिकी लष्करी विमानांनी मुंबईत इंधन भरलं. देशात गदारोळ झाल्यावर ते बंद करावं लागलं. त्या युद्धाने महागलेल्या तेलाने आपली परकीय गंगाजळी पार आटवली, आणि त्याच वर्षी देशाला सोनं गहाण ठेवावं लागलं.

शेवटी पुन्हा त्या टोमण्याकडे येतो. पोरगं अमेरिकेत कमावतं, हे खरं. जो तिथे कमावतो तो तिथे करही भरतो, मग तो नागरिक असो वा कामाच्या व्हिसावर गेलेला असो. त्या करातूनच जगातला सर्वांत मोठा लष्करी खर्च चालतो. माझ्या पैशाने काय होतं आहे, हाच प्रश्न थोरोंनी काँकॉर्डच्या तुरुंगातून विचारला होता. आता तो आपल्या घरातल्या मुलाचाही प्रश्न आहे. रविवारी व्हिडिओ कॉलवर पगाराची, थंडीची, नातवाच्या शाळेची चौकशी होते, त्यात हाही विषय निघू द्या. पोरगं तिकडे कमावतं, म्हणून गप्प बसा असं कुणी म्हणालं, तर त्याला सांगा : पोरगं तिकडे कमावतं, म्हणूनच विचारतो आहे.