रशियन सैन्य गेल्यावरही नजीबुल्ला तीन वर्षं टिकले, मग घनी सरकार अमेरिकन सैन्य निघायच्या आधीच कसं पडलं?

तारीख १५ फेब्रुवारी १९८९. अफगाणिस्तान आणि सोव्हिएत युनियनच्या सीमेवरची अमू दर्या नदी. तिच्यावरच्या पुलावरून जनरल बोरिस ग्रोमोव्ह चालत पलीकडे गेले आणि डिसेंबर १९७९ मध्ये सुरू झालेलं युद्ध सोव्हिएत युनियनपुरतं संपलं. त्यांचे सुमारे १५ हजार सैनिक मेले होते. मेलेल्या अफगाणांचा आकडा लाखांत जातो.

मागे काबूलमध्ये राहिले राष्ट्राध्यक्ष नजीबुल्ला. आता यांचे दिवस भरले असंच सगळ्यांना वाटत होतं. अमेरिकेने तर पंधरा दिवस आधीच काबूलमधला दूतावास बंद केला होता. मार्चमध्ये मुजाहिदीन जलालाबादवर तुटून पडले, त्यांच्या मागे पाकिस्तानची आयएसआय होती. पण शहर काही पडलं नाही. नजीबुल्ला एप्रिल १९९२ पर्यंत खुर्चीवर राहिले. म्हणजे ज्या सोव्हिएत युनियनने त्यांना बसवलं, ते डिसेंबर १९९१ मध्ये नकाशावरून गेलं तरी काबूलचं सरकार उभंच होतं.

हे जमलं कसं?

एक तर मुजाहिदीनमध्ये एकी नव्हती. काबूल घ्यायच्या आधीच काबूल कुणाचं यावरून त्यांची भांडणं सुरू होती. पण खरं कारण वेगळं होतं. रशियन सैनिक गेले, रशियन मदत गेली नाही. शस्त्रं, डिझेल, गहू, विमानांचे सुटे भाग आणि पैसा येतच राहिला. त्यातून सैन्याचा पगार व्हायचा आणि गावोगावच्या टोळीप्रमुखांना आपल्या बाजूला ठेवता यायचं. उत्तरेत अब्दुल रशीद दोस्तमची मिलिशिया नजीबुल्लांसाठी लढत होती, ती काही साम्यवादाच्या प्रेमापोटी नव्हे.

मग ऑगस्ट १९९१ मध्ये मॉस्कोत बंड झालं, फसलं, आणि सगळं चित्र पालटलं. पुढच्याच महिन्यात अमेरिका आणि सोव्हिएत युनियनचं ठरलं, की १ जानेवारी १९९२ पासून दोघांनीही अफगाणिस्तानात शस्त्रं पाठवायची नाहीत. डिझेल आटलं, विमानं जमिनीवर बसली, पैसा संपला. काही आठवड्यांतच दोस्तमने बाजू बदलली. मार्चमध्ये मझार-ए-शरीफ गेलं. एप्रिलमध्ये नजीबुल्ला भारतात यायला निघाले. त्यांचं कुटुंब आधीच दिल्लीत पोहोचलं होतं. पण काबूल विमानतळावर त्यांना अडवलं ते दोस्तमच्याच माणसांनी. पुढची चार वर्षं त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आवारात काढली. सप्टेंबर १९९६ मध्ये तालिबानने काबूल घेतलं तेव्हा त्यांना तिथून ओढून नेऊन ठार केलं.

व्हिएतनाममध्येही थोडंफार असंच झालं होतं. शेवटचे अमेरिकन लढाऊ सैनिक मार्च १९७३ मध्ये निघाले, सायगाव पडलं एप्रिल १९७५ मध्ये. मधल्या काळात अमेरिकन काँग्रेसने मदतीला कात्री लावली होती.

आता २०२१ चं काबूल बघा. इथे पैसा थांबला नव्हता. सैन्य आणि पोलीस मिळून कागदावर तीन लाख जवान होते. त्यातले कितीतरी फक्त पगारपत्रकावर, ही गोष्ट वेगळी. मग माशी शिंकली कुठे?

अमेरिकेने अफगाण सैन्य स्वतःच्या साच्यात घडवलं होतं. अफगाण वायुदलाकडे आधी रशियन एमआय-१७ हेलिकॉप्टर होती. त्यांची बरीचशी दुरुस्ती अफगाण मेकॅनिक स्वतःच करायचे. अमेरिकेने त्यांच्या जागी ब्लॅक हॉक आणली. ती जास्त चांगली असतीलही, पण त्यांची देखभाल परदेशी कंत्राटदारांच्या हातात होती. डोंगराळ मुलखात एकाकी पडलेल्या चौक्यांना दाणागोटा, दारूगोळा आणि जखमींसाठी मदत हवेतूनच मिळायची. सैन्याबरोबर कंत्राटदारही निघाले आणि एकेक हेलिकॉप्टर उभं राहिलं. चौकीवरचा जवान मदतीची वाट बघत राहिला.

जोडीला दोहा करार. फेब्रुवारी २०२० मध्ये तो झाला अमेरिका आणि तालिबानमध्ये. काबूल सरकारची त्यावर सहीच नव्हती. तालिबानचे पाच हजारांपर्यंत कैदी सोडायचं मात्र त्यात लिहून दिलेलं होतं, आणि ते कैदी होते काबूल सरकारच्या तुरुंगांत! कोण जाणार आणि कोण येणार, हे त्या दिवशी अफगाण जवानालाही कळलं आणि गावच्या प्रमुखालाही. तालिबानने पुढचं वर्षभर गावोगाव बोलणी केली, की शस्त्रं टाका आणि घरी जा.

जुलै २०२१ च्या सुरुवातीला अमेरिकन सैन्याने बग्रामचा तळ रात्रीत सोडला. नव्या अफगाण कमांडरला हे कळलं काही तासांनी. त्याच आठवड्यात बायडन सांगत होते, की तालिबान सगळा देश घेईल याची शक्यता फार कमी आहे. ६ ऑगस्टला झरांज ही पहिली प्रांतीय राजधानी पडली. १५ ऑगस्टला अश्रफ घनी देश सोडून गेले आणि तालिबान काबूलमध्ये शिरलं. शेवटचं अमेरिकन विमान उडायला अजून पंधरा दिवस बाकी होते.

त्या पंधरवड्यात एक लाख वीस हजारांहून जास्त लोकांना विमानाने बाहेर काढलं. विमानतळाच्या फाटकाजवळ आत्मघाती स्फोट झाला, त्यात १३ अमेरिकन जवान आणि दीडशेहून जास्त अफगाण गेले. दुभाषे, ड्रायव्हर, महिला न्यायाधीश, अमेरिकनांच्या भरवशावर राहिलेली कितीतरी माणसं मागेच राहिली.

पैसा थांबला तो त्यानंतर. अफगाण मध्यवर्ती बँकेचे अमेरिकेत ठेवलेले सुमारे ७ अब्ज डॉलर गोठवले गेले आणि परदेशी मदत आटली. सरकारी पगार यातूनच होत होते. तालिबान मंत्र्यांचं यात फारसं काही अडलं नाही. अडलं नर्सचं, डॉक्टरचं आणि शाळामास्तरचं. शेवटी रेड क्रॉसने पुढे येऊन सरकारी रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांचे पगार द्यायला सुरुवात केली. अशी ३३ रुग्णालयं रेड क्रॉसच्या पैशावर चालली, त्यातली शेवटची २०२३ च्या ऑगस्टपर्यंत.