तापमानाचा काटा आणि हेड गॅस्केटचे आयुष्य

नागपूरहून छिंदवाड्याकडे निघालेली मोटार लोधीखेडा-सौंसरचा परिसर मागे टाकून सिल्लेवानी घाट चढू लागते. मे महिन्यातील रणरणते ऊन, भरलेली गाडी, सुरू असलेला एसी आणि चढण यांमुळे तिच्या हेड गॅस्केटची कसोटी लागते. चोर्ला किंवा अनमोड घाट चढणाऱ्या गोव्यातील मोटारींचेही याहून वेगळे नाही.

इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरील हेड यांच्यामध्ये बसवलेला पातळ थर म्हणजे हेड गॅस्केट. जळते वायू, कूलंट आणि तेल यांना परस्परांत मिसळू न देणे, हे त्याचे काम. फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवून धरणारी रबरी कडी म्हणजे ऑइल सील.

गॅस्केट सहसा अचानक निकामी होत नाही. बहुतेक वेळा त्याआधी इंजिन अतिशय तापलेले असते. अनेक इंजिनांत हेड ॲल्युमिनियमचे, तर ब्लॉक बिडाचा असतो. तेवढ्याच उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. अतितापाने हेड वाकते, गॅस्केटवरील दाब विषम होतो आणि गळती सुरू होते.

बाहेर थेंबही न दिसता कूलंट घटणे, इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येत राहणे, तेलाला दुधाळ रंग चढणे, ही त्याची लक्षणे. गाडीखालील तेलाचे डाग मात्र बहुधा ऑइल सील किंवा अन्य पॅकिंग कडक झाल्याचे सुचवतात.

उपाय साधे आहेत. इंजिन थंड असताना कूलंटची पातळी खुणांच्या दरम्यान असल्याची खात्री करावी. नुसते नळाचे पाणी भरत राहू नये. तेल वेळेवर बदलावे. काटा लाल खुणेकडे सरकताच एसी बंद करून गाडी सुरक्षित जागी थांबवावी व इंजिन बंद करावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये; दाबाखालील उकळते कूलंट उसळून गंभीररीत्या भाजते.

गॅस्केट बदलताना हेडचा पृष्ठभाग सपाट आहे का, हे तपासून घ्यावे आणि बोल्ट टॉर्क रेंचने, ठरलेल्या क्रमानेच आवळले जावेत. अन्यथा नवे गॅस्केटही टिकत नाही. या कामात सुट्या भागापेक्षा इंजिन उघडण्याची मजुरीच बहुधा अधिक पडते. ‘एवढा घाट चढून थांबू’ हा विचार म्हणूनच महागात पडतो.