फवारणीनंतरचे दोन तास

तळेगाव स्टेशनवर संध्याकाळी फुलशेतीवरच्या बायका दिसल्या की माझं लक्ष त्यांच्या बोटांकडे जायचं. टोकं काळवंडलेली, पेरापेरावर काट्यांचे ओरखडे. त्या बोटांपायीच मी जानेवारीत मावळातल्या एका पॉलिहाऊसमध्ये गेले. व्हॅलेंटाईनच्या मालाची घाई सुरू होती.

आत पाऊल टाकताच दमट उकाडा आणि औषधाचा उग्र दर्प घशाशी आला. "सकाळी थ्रिप्सच्या किडीवर मारलंय," गुलाब तोडणाऱ्या मावशी म्हणाल्या. मग इतक्यात आत कशा? "दोन तास झाले की शिरायचं, ताई. फूल उमललं की एक्स्पोर्टला चालत नाही."

दोन तास! अमेरिकेत अशा औषधांच्या लेबलवर आत न शिरण्याचा काळ छापावाच लागतो. पुष्कळ औषधांना तो 12 ते 48 तासांचा असतो. उघड्या रानात वारा, ऊन, पाऊस औषध उतरवतात. प्लास्टिकच्या छताखाली ते पानांवर जास्त टिकतं. त्याच पानांत मावशींचा हात कोपरापर्यंत जातो. डाव्या हातातल्या मोज्याची दोन बोटं फाटलेली, बाही ओलीचिंब. नाकाला बांधलेल्या ओढणीनंच त्या घाम पुसतात. औषध कातडीतूनही अंगात जातं, तिथे ओढणी काय करणार?

तोडलेली फुलं ग्रेडिंग होऊन, वीस-वीसचे बंच बांधून कोल्ड स्टोरेजला जातात. गिऱ्हाईक दांड्याची लांबी बघतं, कळीचा आकार बघतं. युरोपात भाजी-फळांवरच्या औषधाच्या अंशाला कायद्याची मर्यादा आहे, शोभेच्या फुलांना नाही.

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली, तेव्हा निदान फवारणाऱ्यांबद्दल बोललं तरी गेलं. 1971 च्या कीटकनाशक नियमांतही वैद्यकीय तपासणी आहे ती औषध बनवणाऱ्यांची आणि फवारणाऱ्यांची. तोडणारीला कुणी त्यात धरत नाही. मावशींचं डोकं दुपारी जड होतं, डोळ्यांपुढे धुरकट दिसतं. "चहा घेतला की उतरतं," म्हणतात.

हंगामाआधी आणि हंगामात तोडणाऱ्या बायकांचंही रक्त तपासायला हवं. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक अंगात गेलं असेल तर रक्तातल्या कोलिनेस्टरेझ या एन्झाइमची घट त्यात कळते. आणि दारावर फळा हवा: कुठलं औषध, किती वाजता मारलं, आत कधी जायचं. सकाळच्या औषधाचं नाव मावशींना ठाऊक नव्हतं. उद्या चक्कर आली आणि डॉक्टरनं विचारलं, तर त्या काय सांगणार?