पहिल्या फोडीवर निकाल नको

चाळिशीतला माणूस पहिल्यांदा ॲव्होकॅडो खातो, तोंड वाकडं करतो आणि म्हणतो, "आता या वयात जिभेला नवं काही आवडायचं नाही." नव्या फळांबद्दलचा हा सगळ्यात घट्ट रुजलेला गैरसमज. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया प्लाइनर यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याचं उत्तर आहे. त्यांनी महाविद्यालयीन तरुणांना अनोळखी उष्णकटिबंधीय फळांचे रस चाखायला दिले. कुठला पाच वेळा, कुठला दहा, तर कुठला वीस वेळा. जो रस जास्त वेळा चाखला गेला, तो जास्त आवडू लागला. म्हणजे आवड मोठेपणीही घडते, फक्त पहिल्या घासात घडत नाही. कोकणात वाढलेल्या माणसाला पिकल्या बरक्या फणसाचा घमघमाट आला की भूक लागते. तोच वास पहिल्यांदा घेणारा पाहुणा खिडकी उघडतो. त्याला दोष देऊ नये. अनोळखी अन्नाची धास्ती कुणात कमी, कुणात जास्त, पण माणसात असतेच.

शिवाय नावडलं ते फळ होतं की त्याचा कच्चेपणा, हेही तपासायला हवं. ॲव्होकॅडो झाडावर पिकत नाही, तोडल्यानंतर मऊ होतो. दगडासारखा टणक आणला आणि लगेच कापला, तर तो बेचव नाहीतर कडवट लागणारच. पर्सिमॉनची तऱ्हा आणखी वेगळी. हिमाचलात 'जापानी फळ' म्हणून विकल्या जाणाऱ्या या फळाच्या काही जाती कडक असताना इतक्या तुरट असतात, की जीभ आवळल्यासारखी होते. त्यातलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, त्याचा हा परिणाम. फळ पूर्ण मऊ झालं की तेच टॅनिन विरघळेनासं होतं आणि गर मधासारखा लागतो. ही दोन्ही फळं पिकल्या केळ्यासोबत कागदात गुंडाळून ठेवावीत. केळ्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे ती लवकर पिकतात. ड्रॅगन फ्रूटला मात्र हा उपाय लागू पडत नाही. ते तोडल्यावर आणखी गोड होत नाही, त्यामुळे लवकर काढलेलं फळ अळणी ते अळणीच राहतं. एवढ्यावरून त्या फळाला नावं ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

"महाग आणि परदेशी, म्हणजे जास्त पौष्टिक" हेही खरं नाही. शंभर ग्रॅम किवीत साधारण ९३ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, तर तेवढ्याच पेरूत सुमारे २२८. किवी चवीसाठी जरूर खावी, पण तिच्यासाठी पेरू सोडायचं कारण नाही. आणि "असली फळं आपली नव्हेत" म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की पेरू, पपई, अननस, सीताफळ, चिकू ही सगळी मूळची अमेरिका खंडातली. ड्रॅगन फ्रूटही तिथलंच, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं निवडुंग. आज ते सांगली-सोलापूरच्या शेतांत पिकतं. लाल गराचं खाल्ल्यावर लघवी लालसर झाली तर घाबरू नये, तो फळाचा रंग असतो.

आता सगळ्यात धोकादायक समज: "फळच तर आहे, त्यानं काय होणार?" फळांची ॲलर्जी मोठेपणीही उद्भवू शकते. रबरी हातमोज्यांची ॲलर्जी असलेल्या काहींना किवी, ॲव्होकॅडो यांचाही त्रास होतो. म्हणून पहिल्यांदा लहानशी फोड खावी. ओठ-घसा खाजला तर तिथेच थांबावं. ग्रेपफ्रूटमुळे कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढतं. आपल्या पपनसातही तशीच द्रव्यं असतात, तेव्हा अशी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

स्टारफ्रूट, म्हणजे कोकण-गोव्यातली करमळं, निरोगी माणसाला सहसा बाधत नाहीत. मूत्रपिंडाच्या रुग्णाला मात्र ती जीवघेणी ठरू शकतात. त्यातलं कॅरॅम्बॉक्सिन हे मेंदूवर परिणाम करणारं विष ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१३ साली ओळखलं. निरोगी मूत्रपिंड ते बाहेर टाकतं, आजारी मूत्रपिंडाला ते जमत नाही. न थांबणारी उचकी, गोंधळलेपण, झटके ही त्याची लक्षणं. घरात डायलिसिसवर कुणी असेल तर या फळाची फोडच काय, रसही त्यांना देऊ नका. चुकून दिलं गेलं आणि उचकी लागली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठा आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना आधी सांगा.