पद्मिनीला एसी बसवण्याआधी

आषाढातल्या संध्याकाळी कान्हे फाट्यावरून टाकवे बुद्रुककडे गाडी वळली की आतल्या माणसांची एकच अपेक्षा असते: पुढची काच दिसावी. बाहेर धुकं आणि पावसाची झड, आत चार माणसं, ओल्या छत्र्या, बंद काचा. नव्या गाडीत एक बटण दाबून काम भागतं. प्रीमियर पद्मिनीत मात्र ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याच्या हातात फडकं द्यावं लागतं. पुढच्या दाराची तिकोनी काच उघडावी, तर गुडघे भिजतात.

पद्मिनी हेच उदाहरण घेण्याचं कारण सरळ आहे. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून फियाट 1100 डिलाइट तयार होऊ लागली. हीच गाडी पुढे 1974 पासून पद्मिनी म्हणून ओळखली गेली. मुंबईची शेवटची नोंदणीकृत काळीपिवळी पद्मिनी 30 ऑक्टोबर 2023 रोजी सेवेतून गेली; खासगी गाड्या मात्र अजून पुष्कळ घरांत जपलेल्या आहेत. सुटीच्या दिवशी अशी गाडी घेऊन वडेश्वरवरून ठोकळवाडी धरणाच्या काठाकाठाने कुसूर, खांडीकडे जाणाऱ्यांना वाटतं, की हिला एसी असता, स्टिअरिंग थोडं हलकं असतं, तर बरं झालं असतं. हे सगळं बसवता येतं. पण यातली प्रत्येक सोय आधी गाडीकडून काहीतरी मागते: करंट, थंड पाणी, नाहीतर ब्रेक. ते देण्याची ऐपत गाडीत आहे का, हे पाहून मग सोय बसवायची. गॅरेजमध्ये बहुतेक वेळा हाच क्रम उलटा होतो.

आधी पाणी अडवा

एसीच्या किटची चौकशी करण्याआधी गाडी पावसात उभी करून तासाभराने आतल्या मॅट उचलून पाहाव्यात. दारांची बिडिंग कडक झालेली असते, पुढच्या काचेचं रबर आकसलेलं असतं आणि बोनेटखालच्या पत्र्यातल्या भोकांचे ग्रोमेट गायब असतात. अशा गाडीत एसी चालवला तर तो मावळातली सगळी दमट हवाच आत ओढून वाळवत बसेल. बिडिंग आणि रबरं बदलणं हे या सगळ्या कामातलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी काम आहे.

आवाज कमी करण्यासाठी फ्लोअरवर डॅम्पिंग शीट चिकटवायची असेल, तर तीही पत्रा पूर्ण कोरडा करून, गंज घासून, प्रायमर मारून झाल्यावरच. ओल्या पत्र्यावर चिकटवलेली शीट आतला ओलावा धरून ठेवते आणि दोन पावसाळ्यांत खालचा पत्रा खाऊन टाकते. शीटवर फेल्टचं जाड कार्पेट घालण्यापेक्षा काढून वाळत घालता येईल अशी रबरी मॅट इथल्या हवेला बरी.

करंटचा हिशेब

जुन्या पद्मिनीत बॅटरी चार्ज करायला डायनामो असतो. तो चांगल्या वेगात फार तर 230 वॉटच्या आसपास वीज देतो, म्हणजे 12 व्होल्टला 19 अँपिअर. आयडलिंगला तर जवळजवळ काहीच देत नाही. म्हणून गाडी थांबली की हेडलाइट पिवळे पडतात.

आता पावसातल्या रात्रीचा खर्च मांडू. दोन हेडलाइट साधारण 90 वॉट, मागचे आणि नंबरप्लेटचे दिवे 20 ते 25, वायपरची मोटर 40, इग्निशन कॉइल आणखी 40. सगळं मिळून 200 च्या जवळ. म्हणजे पगार हातात येण्याआधीच हप्त्यांत गेलेला. त्यात एसीचा ब्लोअर 120 वॉट, कंडेन्सरचा पंखा 100 ते 120 आणि कंप्रेसरचा मॅग्नेटिक क्लच 40 वॉट मागणार. एकूण बेरीज 470 वॉटच्या आसपास, म्हणजे चार्जिंगच्या 14 व्होल्टला 34 अँपिअर. हे डायनामोच्या आवाक्यातलं नाही.

तेव्हा पहिलं काम अल्टरनेटरचं. 55 ते 65 अँपिअरचा छोट्या गाडीचा अल्टरनेटर ब्रॅकेट करून बसतो आणि आयडलिंगलाही त्याच्याकडून बऱ्यापैकी करंट मिळतो. रेग्युलेटर त्याच्या आतच असल्यामुळे डायनामोच्या जुन्या रेग्युलेटर-कटआऊटची गरज उरत नाही. कटआऊटचा डबा मात्र फेकून न देता आतून मोकळा करून जागेवरच ठेवावा. बोनेट उघडल्यावर गाडी जुनीच दिसते. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल बल्बही चालू हवा, कारण पुष्कळ अल्टरनेटरना सुरुवातीचा चेतना-करंट त्या बल्बमधूनच मिळतो. बल्ब उडालेला असेल तर नवाकोरा अल्टरनेटर चार्ज करत नाही आणि इलेक्ट्रिशियन दिवसभर वायरी तपासत बसतो.

अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतची जुनी वायर 19 अँपिअरच्या हिशेबाची असते. तिथे 10 चौरस मिलिमीटरची वायर आणि बॅटरीजवळ मोठा फ्यूज लागतो. हेडलाइटसाठी दोन रिले बसवावेत. जुन्या गाडीत दिव्यांचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून फिरून येतो आणि वाटेत एखाद-दोन व्होल्ट हरवतात. रिले लावला की स्विच फक्त इशारा देतो आणि बॅटरीचा पूर्ण दाब बल्बपर्यंत पोहोचतो. एलईडी न लावता त्याच जुन्या बल्बचा उजेड लख्ख होतो. ही सगळी नवी वायरिंग वेगळ्या हार्नेसमध्ये ओढावी. मूळ वायर कापून तिला पिळे मारायचे नाहीत.

एसी हवा कोरडी कशी करतो

काचेवर धुकं धरतं त्याचं कारण साधं आहे. शांत बसलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण 50 ग्रॅम पाणी हवेत सोडतो. चार माणसं, ओले कपडे आणि बंद काचा असल्या की आतली हवा लवकरच बाष्पाने भरते. पावसाने थंड झालेल्या काचेला ती लागली की दव धरतं.

एसीत कंप्रेसर गॅस दाबून गरम करतो. समोरचा कंडेन्सर ती उष्णता बाहेर टाकतो आणि गॅसचा द्रव होतो. हा द्रव एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून डॅशबोर्डखालच्या कुलिंग कॉइलमध्ये सुटला की उकळतो आणि कॉइल 3 ते 5 अंशांपर्यंत थंड होते. ब्लोअर तिच्यावरून हवा फिरवतो, हवेतलं बाष्प कॉइलवर पाणी होऊन उतरतं आणि कोरडी हवा बाहेर पडते. ही हवा काचेवर सोडली की दव शोषलं जातं.

पद्मिनीत हा कुलिंग कॉइलचा डबा डॅशबोर्डच्या खाली टांगता येतो. डॅशबोर्ड कापायची गरज नाही. पण टांगत्या डब्याची हवा पायांवर आणि छातीवर येते, काचेवर येत नाही. म्हणून किट घेतानाच दोन नळ्या काचेच्या कडेपर्यंत नेणारा डक्ट मागून घ्यावा. डब्याखालच्या पाण्याच्या नळीला सलग उतार देऊन ती जुन्याच एखाद्या ग्रोमेटच्या भोकातून बाहेर काढावी. मावळच्या पावसात कॉइलवरून इतकं पाणी गळतं, की नळी कुठे वर उचलली गेली तर ते सगळं डावीकडे बसलेल्याच्या बुटांत उतरतं.

एक गंमत लक्षात ठेवावी. थंड हवा बराच वेळ काचेवर मारली की काच बाहेरच्या हवेपेक्षा थंड होते आणि दव बाहेरून धरतं. मग आतून कितीही पुसा. अशा वेळी वायपरचा एक हात मारायचा आणि हवा थोडी कमी थंड करायची. नव्या गाड्यांत एसी आणि हीटर एकत्र चालवून हवा आधी वाळवतात आणि मग कोमट करतात. आपल्या जुन्या गाड्यांत हीटर बहुधा नसतोच. रेडिएटरच्या गरम पाण्यावर चालणारा छोटा हीटर त्याच डब्यात मिळत असेल, तर तो जरूर घ्यावा.

गॅस आर 134 ए हाच भरावा. जुन्या किटचे काही भाग आर 12 च्या काळातले असतात; त्यांतलं खनिज तेल नव्या गॅसमध्ये मिसळत नाही, त्यामुळे कंप्रेसर कोरडा पडतो. रिसीव्हर-ड्रायरचं झाकण अगदी शेवटी, पाइप जोडायच्या क्षणी उघडायचं. त्याच्या आतला शोषक ओलावा ओढण्यासाठीच असतो. पावसाळ्यात तो उघडा राहिला, तर गाडीत बसवण्याआधीच त्याचं काम संपतं. त्यानंतर व्हॅक्यूम पंप निदान अर्धा तास चालवून सगळी ओल काढायची. नाहीतर उरलेलं पाणी एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये गोठतं आणि एसी मध्येच थंड, मध्येच गरम हवा देत राहतो.

घाट आणि गाडीचं तापणं

पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं, ताकद सुमारे 40 हॉर्सपॉवर. त्यातले तीन-चार कंप्रेसर खातो, म्हणजे दहावा हिस्सा. सपाटीला ते कळत नाही. खोपोलीहून बोरघाट चढताना कळतं. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसत असल्यामुळे रेडिएटरला आधीच तापलेली हवा मिळते. शिवाय चढावर गाडी मंद चालते, त्यामुळे समोरून येणारी हवाही कमी मिळते.

म्हणून रेडिएटर उतरवून आतून साफ करून घ्यावा, कोअर जुना असेल तर बदलावा आणि कंडेन्सरच्या पुढे इलेक्ट्रिक पंखा लावावा. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. त्याने मूळ दुखणं लपतं, इंजिन पावसाळ्यात गारठून चालतं, पेट्रोल जास्त पितं आणि हीटर लावला असेल तर तोही गार राहतो. तेव्हा थर्मोस्टॅट परत बसवावा. कंप्रेसर लागला की आयडलिंग पडून गाडी बंद पडू नये यासाठी कार्बोरेटरच्या थ्रॉटलवर व्हॅक्यूमने चालणारा आयडल-अप लावावा. आणि घाटात तापमानाचा काटा चढू लागला की एसी बंद करून काचा खाली करायला कमीपणा वाटून घेऊ नये.

स्टिअरिंग, ब्रेक, पट्टे

स्टिअरिंग जड आहे म्हणून पॉवर स्टिअरिंग बसवायला निघालेल्यांनी आधी पुढच्या चाकांची ग्रीस निपल मोकळी करून ग्रीस भरावं, टायरमध्ये हवा नीट भरावी आणि अलाइनमेंट करून घ्यावी. पुष्कळदा जडपणा तिथेच संपतो. छोट्या नव्या गाडीचा इलेक्ट्रिक स्टिअरिंग कॉलम आणून बसवणारे मिस्त्री आहेत. पण पद्मिनीच्या हँडगिअरची जोडणी स्टिअरिंगच्या दांड्यालाच धरून खाली जाते. मोटरला जागा करायची तर ती जोडणी हलवावी लागते आणि दांडा कापून वेल्डिंग करावं लागतं. आपल्या हातातलं चाक रस्त्यावरच्या चाकांना जोडणारा हा एकमेव दांडा आहे. त्यावरचं वेल्डिंग मी कुणाच्याही गाडीत सुचवणार नाही.

ब्रेकचं उलट आहे. चारही चाकांना ड्रम आणि मदतीला सर्व्हो नाही, अशी मूळ रचना. ब्रेकच्या लाइनमध्येच बसणारा व्हॅक्यूम सर्व्हो लावला की पायाचा जोर बराच कमी लागतो आणि गाडीत काही कापावं लागत नाही. मात्र सर्व्होने ओले ड्रम वाळत नाहीत. टाकवे, वडेश्वरच्या या आंदर मावळात ओढ्याचं पाणी रस्त्यावरून वाहत असतं. त्यातून बाहेर पडल्यावर हळू जात ब्रेकवर हलका पाय ठेवून ते वाळवायचे.

पुढच्या सीटला पट्टे 25 मार्च 1994 नंतर बनलेल्या गाड्यांना सक्तीचे झाले. त्याआधीच्या गाडीत ते लावायचे तर बोल्टच्या मागे जाड पोलादी पट्टी हवी. नुसत्या पत्र्यात कसलेला बोल्ट धक्क्याला उपटून येतो. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. तेव्हा खांबात किंवा फ्लोअरमध्ये कुठलंही भोक पाडायचं तर ते बॉडीच्या जाणकाराकडूनच पाडून घ्यावं.

कागदपत्रं

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार आर.सी. बुकातल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच बजावलं. इंजिन, चासी आणि बॉडी यांना हात न लावता काम केलं, तर पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी होणाऱ्या पासिंगला अडचण येण्याची शक्यता कमी. जुलै 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आणली. तिचा नंबर व्हीए मालिकेतला. 1974 च्या पद्मिनी आता त्या वयात आल्या आहेत. पण त्यासाठी चासी, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात हवं, आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. दर रविवारी कुसूरला जायचं असेल तर साधी नोंदणीच ठेवावी. दोन्ही वाटा मोकळ्या राहाव्यात म्हणून प्रत्येक नवी वस्तू बोल्ट सोडून काढता येईल अशीच बसवावी, आणि काढलेले मूळ भाग चिठ्ठी लावून घरी ठेवावेत. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवावेत.

काम झालं की गॅरेजमधून गाडी लगेच घेऊन निघू नये. इंजिन आयडलिंगला ठेवून हेडलाइट, वायपर, ब्लोअर, एसी असं सगळं एकदम चालू करावं आणि बॅटरीवर मल्टिमीटर लावावा. काटा 13.5 च्या वर थांबला तर करंटचा हिशेब जुळला. 12.5 च्या खाली घसरत राहिला तर बॅटरी खर्ची पडते आहे. मग अल्टरनेटर, पट्टा आणि अर्थची वायर पुन्हा तपासायला लावावी आणि उरलेले पैसे त्यानंतरच द्यावेत.