गोळी, दूर पल्ल्याच्या लक्ष्यवेधाची

लक्ष्यवेधाच्या स्पर्धांत सु. ५५० मी. पासून ९१४ मी. (१,००० यार्ड) व त्यापुढील अंतरांवर रायफलीने मारण्यासाठी निवडलेली गोळी. बोलीभाषेत संपूर्ण काडतुसालाच ‘गोळी’ म्हणण्याचा प्रघात आहे; येथे मात्र नळीतून बाहेर पडून लक्ष्याकडे जाणारा धातूचा भाग एवढाच अर्थ अभिप्रेत आहे. शिकारीच्या व लष्करी गोळीकडून भेदनक्षमतेची अपेक्षा असते. लक्ष्यवेधाच्या गोळीला कागदाला भोक पाडण्यापलीकडे काही करावयाचे नसते, परंतु ते भोक प्रत्येक वेळी त्याच जागी पडावे लागते. त्यामुळे तिची निवड वेगळ्या कसोट्यांवर होते.

निवडीचे मूलतत्त्व एकोणिसाव्या शतकातच स्पष्ट झाले. ब्रिटिश सैन्याच्या एनफील्ड रायफलीची नळी ०·५७७ इंच (१४·६६ मिमी.) व्यासाची, तर सर जोसेफ व्हिटवर्थ (१८०३–८७) यांच्या षट्‌कोनी छिद्राच्या रायफलीची नळी ०·४५१ इंच (११·४६ मिमी.) व्यासाची होती. दोहोंच्या गोळ्यांचे वजन मात्र सारखेच, म्हणजे ५३० ग्रेन (सु. ३४·३ ग्रॅ.) होते. तेवढेच शिसे अरुंद नळीत बसवावयाचे, तर गोळी लांब होणार आणि लांब गोळी स्थिर ठेवण्यासाठी तिला अधिक वेगाने फिरवावे लागणार. म्हणून एनफील्डच्या खोबणीचा एक वेढा ७८ इंचांत, तर व्हिटवर्थचा २० इंचांत पुरा होई. १८५७ मधील चाचण्यांत व्हिटवर्थ रायफल दूर अंतरावर सहज सरस ठरली. १८६० मध्ये विंबल्डन येथे ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या पहिल्या मेळाव्याचे उद्‌घाटन राणी व्हिक्टोरिया यांनी याच रायफलीतून ४०० यार्डांवर गोळी झाडून केले. हा मेळावा १८९० पासून बिझली येथे भरू लागला. अमेरिकेत क्रीडमूर येथे १८७६ मध्ये सुरू झालेली पाल्मा स्पर्धा ८००, ९०० व १,००० यार्डांवर खेळली जाते.

दूर अंतरावर नेमबाजाचा खरा शत्रू वारा होय. गुरुत्वाकर्षणामुळे गोळी किती खाली येणार हे अंतर ठाऊक असले की गणिताने ठरते व दर्शिका तेवढी उचलून ठेवता येते. वारा मात्र दोन गोळ्यांच्या मधल्या क्षणातही बदलतो. आडव्या वाऱ्यामुळे होणारे विचलन काढण्याचा एक जुना व सुटसुटीत नियम आहे : गोळीला प्रत्यक्ष लागलेल्या वेळातून निर्वातात लागला असता तो वेळ वजा करावा आणि बाकीला वाऱ्याच्या वेगाने गुणावे. समजा, ९०० मी./से. वेगाने निघालेल्या गोळीला १,००० यार्ड कापण्यास १·५५ से. लागले. निर्वातात तिला सु. १·०२ से. लागले असते. म्हणजे विलंब ०·५३ से. झाला आणि २ मी./से. वेगाच्या, चेहऱ्याला जेमतेम जाणवणाऱ्या झुळकीने ती १ मी. हून अधिक सरकली. अमेरिकी पद्धतीच्या १,००० यार्डांच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास २० इंच (५०·८ सेंमी.) असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या सरकण्याचे गांभीर्य कळते. महत्त्व एकूण वेळाला नसून विलंबाला आहे. म्हणून आरंभीचा वेग वाढविण्यापेक्षा वेग टिकवून धरणारी गोळी निवडणे पुष्कळदा अधिक फलदायी ठरते.

वेग टिकविण्याची ही क्षमता प्राक्षेपिकीय गुणांकाने दर्शवितात. तो वजनाबरोबर वाढतो, व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो आणि आकाराच्या सुबकपणाबरोबर वाढतो. अग्र लांब व टोकदार असले की समोरच्या हवेचा रोध कमी होतो. तळ नावेच्या पिछाडीसारखा निमुळता असला की मागील पोकळीमुळे होणारी ओढ घटते. असा तळ असलेली पितळी ‘बाल डी’ ही गोळी फ्रेंच सैन्याने १८९८ मध्येच स्वीकारली होती. गुणांकाची तुलना करताना सावधगिरी हवी. उत्पादक बहुधा ‘जी-१’ या सपाट तळाच्या जुन्या प्रमाण गोळीच्या आधारे आकडा देतात, कारण तो मोठा दिसतो. आधुनिक लांब गोळीचे वर्तन निमुळत्या तळाच्या ‘जी-७’ या प्रमाणाशी अधिक जुळते. एकाच गोळीचा जी-१ गुणांक ०·४६४, तर जी-७ गुणांक ०·२३७ असू शकतो. दोन गोळ्यांचे आकडे वेगवेगळ्या प्रमाणांवरचे असल्यास ती तुलना निरर्थक होय.

आकाराचे महत्त्व नियमांमुळे आणखी वाढले आहे. आंतरराष्ट्रीय टार्गेट रायफल प्रकारात ७·६२ मिमी. वर्गाच्या गोळीचे वजन १५६ ग्रेनपेक्षा (सु. १०·१ ग्रॅ.) कमी असावे लागते. वजन असे बांधलेले असल्याने रचनाकारांचे सारे कौशल्य १५५ ग्रेनच्या गोळीची आकृती सुधारण्याकडे वळले. टेकून मारण्याच्या एफ-क्लास या प्रकारात वजनाचे असे बंधन नाही. तेथे जड गोळ्या सर्रास वापरल्या जातात.

निवडीत वारंवार होणारी चूक १६८ ग्रेनच्या एका प्रसिद्ध गोळीच्या उदाहरणावरून समजते. सिएरा या अमेरिकी कंपनीने ती ३०० मी. च्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी घडविली. त्या अंतरावर, किंबहुना ६०० यार्डांपर्यंत, तिची अचूकता अशी की अनेक दशके ती इतरांचा मापदंड ठरली. तिच्या तळाचा उतार मात्र सु. १३° इतका तीव्र आहे. ७९० मी./से. च्या आसपास निघालेली ही गोळी १,००० यार्डांपाशी पोहोचताना तिचा वेग ध्वनिवेगाजवळ (१५° से. तापमानात सु. ३४० मी./से.) उतरतो. या टप्प्यात गोळीवरील आघात-तरंगांची जागा बदलते, हवेच्या दाबाचा केंद्रबिंदू सरकतो आणि मुळात असलेला लहानसा डोल वाढत जातो. लक्ष्यावर गोल भोकांऐवजी लांबट भोके दिसू लागतात. काही गोळ्या लक्ष्य चुकवितात. त्याच कंपनीच्या १७५ ग्रेनच्या गोळीच्या तळाचा उतार सु. ९° असून ती हा टप्पा बरीच शांतपणे ओलांडते. यावरून १०० यार्डांवर भोकांचा पुंजका किती लहान पडतो एवढेच पाहून दूर पल्ल्याची गोळी निवडणे किती फसवे आहे, हे ध्यानात येईल. लक्ष्यापाशी गोळीचा वेग ध्वनिवेगाहून निदान एकपंचमांशाने जास्त उरेल अशी बेतणी इष्ट असते. ध्वनिग्राहकांवर चालणाऱ्या काही इलेक्ट्रॉनिक लक्ष्यांवर तर ध्वनिवेगाखाली आलेल्या गोळीची नोंदच होत नाही.

याच कारणाने ५० मी. च्या ऑलिंपिक प्रकारात उलट मार्ग पत्करतात : ०·२२ इंची शिशाची गोळी प्रारंभापासूनच ध्वनिवेगाच्या किंचित खाली ठेवतात, म्हणजे तो टप्पा ओलांडण्याची वेळच येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझपदक मिळविले ते याच अंतरावर.

गोळीची लांबी रायफलीच्या खोबणीशी जुळावी लागते. ब्रिटिश गणिती ए. जी. ग्रीनहिल (१८४७–१९२७) यांच्या नियमानुसार १५० या संख्येला गोळीच्या व्यासपटीतील लांबीने भागले असता एका वेढ्याची लांबी व्यासपटीत मिळते. ७·८२ मिमी. व्यासाची व ३·९ व्यास लांबीची गोळी घेतल्यास वेढा सु. ३० सेंमी. (१२ इंच) येतो. अशा नळीतून ९०० मी./से. वेगाने निघालेली गोळी सेकंदाला सु. २,९५० फेरे घेते. हवा जितकी दाट तितके स्थैर्य कमी. त्यामुळे काठावर स्थिर असलेली गोळी उन्हाळ्यात उत्तम, पण कडाक्याच्या थंडीत बेभरवशाची ठरू शकते. केवळ तांब्याच्या मिश्रधातूच्या, कातून काढलेल्या गोळ्या शिशाच्या तेवढ्याच वजनाच्या गोळ्यांहून लांब असतात. त्यांना अधिक जलद वेढा लागतो.

एवढ्या वेगाने फिरणाऱ्या वस्तूत आवरणाच्या जाडीतील सूक्ष्म असमानताही खपत नाही. गुरुत्वमध्य अक्षापासून जरा ढळला, तरी गोळी नळीतून सुटताच किंचित बाजूला फेकली जाते. तांब्याचे आवरण तळाकडून ओढून आत शिसे दाबल्याने अग्रावर बारीक छिद्र राहते. शिकारी गोळीतील छिद्राप्रमाणे ते फुलण्यासाठी नसून केवळ निर्मितिप्रक्रियेची खूण असते. तळ अखंड व काटकोनी राहणे हा त्या प्रक्रियेचा मुख्य लाभ होय. काही नेमबाज वजन व लांबीनुसार गोळ्या निवडून वेगळ्या करतात. या खटाटोपापेक्षा दारूचे माप सारखे राखणे बहुधा अधिक लाभदायक असते, कारण आरंभीच्या वेगात १० मी./से. चा फरक पडला, तर १,००० यार्डांवर गोळी सु. २० सेंमी. वर किंवा खाली जाते.

अग्राची कमान दंडगोलाला स्पर्शरेषेत मिळते की कोनात, यावरही बरेच अवलंबून असते. १९८० च्या दशकात अमेरिकेत प्रचारात आलेल्या अत्यल्प ओढीच्या गोळ्यांची कमान कोनात मिळते. त्यांचा गुणांक मोठा, परंतु काडतुसात गोळी किती खोल बसविली याबाबत त्या फार हळव्या असतात. स्पर्शरेषी कमानीच्या गोळ्या ही चूक बरीच सोसतात. दोहोंचा मेळ घालणाऱ्या संकरित कमानीच्या गोळ्या पुढे निघाल्या. बिझलीला संयोजकांकडून सर्वांना एकसारखी काडतुसे देण्याची प्रथा दीर्घकाळ चालत आली. तेथे नेमबाजाला गोळीनुसार नळी निवडावी लागे. स्वतः काडतुसे भरणाऱ्याने मात्र दोन-तीन प्रकारच्या गोळ्या घेऊन, प्रत्येकीचे निदान वीस बार प्रत्यक्ष स्पर्धेच्या अंतरावर, शक्यतो वारा पडलेला असताना पहाटे काढावेत आणि पुंजक्याची रुंदी न पाहता उंची मोजावी. कारण रुंदीत वाऱ्याचा वाटा मिसळलेला असतो, उंचीत तो फारच थोडा असतो.