थंडीत ट्रकचा सेल्फ अडखळतो? आधी तपासा, मग पैसे काढा

मालेगावच्या यंत्रमागांवर विणलेले ग्रे कापड रंगाई-छपाईसाठी पाली, बालोतरा आणि अहमदाबादकडे ट्रकनेच जाते. डिसेंबर-जानेवारीत राजस्थानची रात्र कडक असतेच, पण आपला नाशिक जिल्हाही मागे नाही. निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली उतरल्याची नोंद अनेक हिवाळ्यांत झालेली आहे. अशा पहाटे गाठी भरलेली असतात, बिल्टी तयार असते आणि चावी फिरवल्यावर सेल्फ 'घुर्र... घुर्र...' करून थांबतो. प्रोसेसवाल्याकडचा नंबर हुकतो, हमालांची मजुरी अंगावर पडते आणि घाईघाईत नवी बॅटरी किंवा नवा सेल्फ घेतला जातो. पुष्कळदा दोष मात्र काळवंडलेल्या एका टर्मिनलचा असतो. म्हणून ज्या व्यापारी बांधवांची स्वतःची गाडी आहे, त्यांनी या रोगाची निदाने समजून घ्यावीत. दुरुस्ती कारागिरानेच करावी, पण काय तपासले हे विचारण्याइतके ज्ञान मालकाला हवे.

थंडीतच असे का होते?

थंडीत दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते, त्यामुळे तिची ताकद घटते. त्याच वेळी इंजिनातील आणि गिअरबॉक्समधील ऑइल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. म्हणजे आवक कमी आणि खर्च जास्त, असा हा हिशेब आहे. त्यातच डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा दाबली जाऊन तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटते. इंजिन हळू फिरले तर हवा पुरेशी तापत नाही आणि गाडी सुरू होत नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. बॅटरीचे खरे नुकसान उन्हाळ्यात होते. एप्रिल-मेच्या उष्णतेत तिचे पाणी उडते, आतील प्लेटी झिजतात. गरम हवेत ती कशीबशी काम भागवते. थंडी पडली की तिचा कमकुवतपणा उघडा पडतो.

आवाज ऐका, दिवे पाहा

हेडलाइट लावून सेल्फ मारावा आणि नीट ऐकावे. दिवे एकदम मंद झाले आणि 'टिक-टिक-टिक' असा आवाज आला, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. दिवे तसेच लख्ख राहिले आणि एकच 'टक' आवाज येऊन काही हलले नाही, तर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळालेले असतील किंवा सेल्फचे कार्बन झिजलेले असतील. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन फिरत नाही, तेव्हा बेंडिक्सकडे पाहावे. इंजिन फिरते पण संथ, तर बॅटरी, केबल, ऑइल आणि सेल्फचे बुश या क्रमाने तपासावे. आणि इंजिन चांगल्या वेगाने फिरूनही सुरू होत नसेल, तर सेल्फचा काही गुन्हा नाही. डिझेल फिल्टर तुंबला आहे का, लाइनने हवा धरली आहे का, ते पाहावे.

तपासणीचा क्रम

स्वस्तापासून महागाकडे जावे. प्रथम टर्मिनल. त्यावर पांढरा-हिरवा थर असेल तर आधी निगेटिव्ह केबल काढावी, खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने साफ करून कोरडे करावे, घट्ट आवळून वर व्हॅसलिन लावावे. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाता कामा नये. बॅटरीजवळ विडी-काडी पेटवू नये, तिच्यातून निघणारा वायू स्फोटक असतो.

दुसरी पायरी बॅटरीची. मोठ्या ट्रकला 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून 24 व्होल्ट केलेले असतात. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मल्टीमीटरने दोन्ही वेगवेगळ्या मोजाव्यात. सुमारे 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे जवळपास अर्धी. सेल्फ मारत असताना एखादी साडेनऊच्या खाली गेली, तर ती चार्ज करून पुन्हा तपासावी. तरीही पडली तर ती संपली.

येथे आपल्याकडची एक सवय नडते. टेप किंवा मोबाइल चार्जरसाठी ड्रायव्हर दोनपैकी एकाच बॅटरीवरून 12 व्होल्टची वायर घेतात. ती बॅटरी रोज थोडी जास्त उतरते आणि शेवटी मरते, तर दुसरीवर चार्जिंगचा भार वाढतो. यासाठी 24 चे 12 व्होल्ट करणारा कन्व्हर्टर मिळतो, तो बसवून घ्यावा. बॅटऱ्या बदलायच्या वेळी दोन्ही एकदम, एकाच क्षमतेच्या घ्याव्यात.

तिसरी पायरी केबल आणि अर्थची. ही बहुतेक ठिकाणी राहून जाते. मीटरची एक सुई बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरी सेल्फच्या मोठ्या बोल्टवर ठेवून सेल्फ मारायला सांगावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला, तर त्या केबलमध्येच ताकद वाया जात आहे. हीच तपासणी बॅटरीचा निगेटिव्ह आणि सेल्फची बॉडी यांच्यात करावी. चेसिसला जोडलेली अर्थची पट्टी गंजली असेल, तर नवा सेल्फ बसवूनही तोच त्रास राहील.

हे सगळे ठीक निघाले, तरच सेल्फ उतरवावा. तेव्हाही पूर्ण सेल्फ बदलण्याआधी कार्बन, बुश आणि सोलेनॉइड तपासून घ्यावेत. हे भाग सुटे मिळतात. शेवटी गाडी चालू ठेवून चार्जिंग मोजावे. 24 व्होल्टच्या गाडीत ते साधारण साडेसत्तावीस ते साडेअठ्ठावीस असावे. कमी असेल तर नवी बॅटरीही महिन्याभरात उतरेल.

हे करू नये

चेंबरखाली चिंध्या किंवा बोळे पेटवण्याची पद्धत अजूनही दिसते. वर कापडाच्या गाठी आणि खाली आग, म्हणजे संपूर्ण माल पणाला लावणे होय. हवेच्या पाइपात ईथरचा स्प्रे मारणेही धोक्याचे आहे. ज्या इंजिनात हीटर किंवा ग्लो प्लग आहे, तेथे भडका उडू शकतो. 24 व्होल्टच्या गाडीला 12 व्होल्टच्या गाडीवरून सरळ वायर जोडू नये. 2020 नंतरच्या बीएस-6 ट्रकांत इलेक्ट्रॉनिक कंट्रोल असल्याने चुकीच्या जोडणीचा भुर्दंड फार मोठा बसतो. तसेच सेल्फ सलग दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. मध्ये किमान एक मिनिट थांबावे, नाहीतर चांगला सेल्फही जळतो.

ड्रायव्हरला दोन गोष्टी सांगून ठेवाव्यात. सेल्फ मारताना गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्लच पूर्ण दाबावा. त्यामुळे गिअरबॉक्समधील घट्ट ऑइल फिरवण्याचा भार वाचतो. आणि ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचेच भरावे. स्वस्त म्हणून जाड ऑइल भरले तर थंडीत सेल्फ आणि बॅटरी दोन्हींवर ताण येतो.

दिवाळीच्या सुमारास, थंडी पडण्याआधी, ऑटो इलेक्ट्रिशियनकडून ही तपासणी करून घ्यावी. दोन्ही बॅटऱ्यांचे आणि चार्जिंगचे आकडे त्याच्याकडून कागदावर लिहून घ्यावेत. कापड घेताना आपण मीटर मोजून घेतो. बॅटरी आणि सेल्फच्या बाबतीतही मोजल्याशिवाय पैसे काढू नयेत.